शब्दांचं आवर्तन

मुळा धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं की आमच्याकडे ‘आवर्तन सुटलं’ म्हणतात. औंदा किती आवर्तनं मिळणार, टेलच्या वावरापर्यंत पाणी पोचणार का, रात्री दारं धरायला कोण जाणार, हे घरोघरचं बोलणं. माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. ‘आवर्तन’ हा शब्द मात्र तिच्या तोंडी भाकरी-कालवणाइतका रुळलेला होता. तो संस्कृतातून आलाय, त्यात ‘आ’ हा उपसर्ग आणि ‘वृत्’ हा धातू आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

त्याच घरातून मी कृषी पदवीच्या पहिल्या वर्गात जाऊन बसले. पहिल्या काही महिन्यांत माझ्या वहीत पाच शब्द पाच वेगवेगळ्या पानांवर उतरले. मृदाशास्त्राच्या तासाला ‘व्हर्टिसॉल’, सिंचनाच्या तासाला ‘डायव्हर्जन’, रसायनशास्त्रात ‘रिव्हर्सिबल’, मोजमापांची एककं बदलताना ‘कन्व्हर्शन’ आणि साखरेच्या धड्यात ‘इन्व्हर्ट शुगर’. पाचही मी स्पेलिंगसकट घोकले, परीक्षेत लिहिले आणि विसरले. या पाचांत एकच धातू आहे, लॅटिनमधला ‘व्हर्तेरे’, म्हणजे वळणं, वळवणं, फिरवणं. तो आपल्या ‘वृत्’चा भाऊ आहे, म्हणजे आजीच्या आवर्तनाचा अगदी जवळचा नातलग आहे, हे कळायला मला पदवीचं चौथं वर्ष उजाडावं लागलं. त्या उशिरातून हे पुस्तक निघालं आहे.

हे नातं माहीत असतं तर ते पाच शब्द मला कसे दिसले असते, ते इथेच सांगते. डायव्हर्जन म्हणजे नदीचं पाणी अडवून बाजूला वळवणं. रिव्हर्सिबल क्रिया म्हणजे जी उलटी फिरू शकते ती. कन्व्हर्शन म्हणजे परिवर्तन, आणि इथे तर मराठी शब्दातही तोच धातू बसलेला आहे. इन्व्हर्ट शुगरची गोष्ट आमच्या गावची आहे. डॉ. तनपुरे सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या वस्तीला सगळे ‘राहुरी फॅक्टरी’ म्हणतात. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला की उतारा घसरतो, हे त्या वस्तीतलं पोरगंही सांगेल. होतं असं की पडून राहिलेल्या उसातलं सुक्रोज फुटतं आणि त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनतं. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारे गाळलेला प्रकाश सोडला तर त्याचं प्रतल उजवीकडे वळतं. साखर अशी फुटली की ते प्रतल डावीकडे वळू लागतं. वळण उलटतं, म्हणून ‘इन्व्हर्ट’. शब्दाच्या पोटात अख्खा प्रयोग आहे, आणि मी तो प्रयोग न बघता नुसतं स्पेलिंग पाठ केलं होतं. राहिला व्हर्टिसॉल. त्याचं मी शेवटी सांगणार आहे.

दुसरं उदाहरण बैलांच्या मानेवरचं. ‘जू’ हा शब्द संस्कृत ‘युग’पासून झिजत आला. ‘युग’ म्हणजे मुळात जोडणारं लाकूड, धातू ‘युज्’. इंग्रजीतला ‘योक’ आणि लॅटिनमधला ‘युगुम’ हे त्याचेच भाऊ. त्या ‘युगुम’मधून ‘कॉन्ज्युगेशन’ आला. दोन जिवाणू पेशी जोडल्या जाऊन एकीतला आनुवंशिक भाग दुसरीत जातो, त्या क्रियेला सूक्ष्मजीवशास्त्रात हाच शब्द आहे. ‘सबज्युगेट’ म्हणजे जिंकून ताब्यात घेणं, शब्दशः जुवाखाली आणणं. प्राचीन इटलीत हरलेल्या सैन्याला भाल्यांच्या केलेल्या जुवाखालून वाकून जायला लावत, त्या अपमानाची खूण या शब्दात अजून आहे. ‘जॉइन’ आणि ‘जंक्शन’ हेही याच घरातले. आमचं राहुरी स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर आहे. या मार्गाच्या दोन्ही टोकांना जंक्शन आहे, आणि ‘योग’ या शब्दाशी त्या दोन्ही पाट्यांचं रक्ताचं नातं आहे.

हा सगळा योगायोग नव्हे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या व्याख्यानात मांडलं. पुढच्या शतकभर भाषाशास्त्रज्ञांनी त्यामागचे ध्वनिनियम शोधले. इंग्रजीचं रोजचं बोलणं जर्मानिक घराण्यातलं आहे, पण तिचे वरच्या इयत्तेतले, शास्त्राचे, कायद्याचे, प्रबंधांचे शब्द फार मोठ्या प्रमाणात लॅटिन आणि ग्रीकमधून आले आहेत. म्हणजे इंग्रजीत शब्द जितका अवघड, तितकी तो आपल्या ओळखीचा निघण्याची शक्यता जास्त. मराठी मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी. ती सांगितली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुस्तक कुणासाठी लिहिलं, हेही सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटलं. दोन्ही पिढ्यांतल्या मराठी माध्यमाच्या मुलांचा खरा घाट लागतो तो अकरावी विज्ञानाला. दहावीपर्यंत जीवशास्त्र, भूगोल, रसायन सगळं मराठीत समजलेलं असतं, आणि जूनमध्ये ते एकदम परक्या नावांनी समोर येतं. तोच घाट पुढे कृषी पदवीलाही असतो. आमचं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झालं. पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रातले दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतच्या शेतकऱ्यांची मुलंमुली इथे कृषी पदवीला येतात. त्यांना शेती येत नाही असं नाही. शेतीची इंग्रजी नावं येत नाहीत, आणि तीन-चार महिन्यांत त्यांना वाटायला लागतं की आपल्याला शेतीच येत नाही.

एका तोंडी परीक्षेत मला ‘पेरेनियल’चा अर्थ विचारला होता. ‘बारमाही’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. ‘पर’ म्हणजे आरपार आणि ‘ॲनम’ म्हणजे वर्ष. वर्षभर वाहणारी ती नदी बारमाही, वर्षानुवर्षं टिकणारं ते पीक बहुवार्षिक. पण मराठीत उत्तर दिलं तर ते उत्तर धरलं जाणार नाही, असं मनात आलं आणि मी गप्प बसले. परीक्षकांनी पुढचा प्रश्न घेतला. ज्ञान होतं, शब्दही होता, फक्त एका शब्दावरून दुसऱ्यावर जायची पायवाट मळलेली नव्हती. हे पुस्तक म्हणजे तशा पायवाटांचा नकाशा आहे.

त्यामुळे यात शब्द वर्णमालेच्या क्रमाने दिलेले नाहीत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड शब्दसूची मीही एके काळी पाठ केल्या. पहिल्या अक्षराचे शब्द झकास यायचे आणि तिसऱ्या-चौथ्या अक्षरापाशी दम संपायचा. नॉर्मन लुईस यांचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ मात्र मी आदराने बाजूला ठेवते, कारण ते धातूंवरून शब्द शिकवतं. त्यात अडचण एवढीच की ते इंग्रजी घरच्या वाचकासाठी लिहिलेलं आहे. ग्रीक आणि लॅटिन धातू त्या वाचकाला परके. आपल्याला ते निम्मे ओळखीचे. ‘इग्नियस’ हा शब्द त्या वाचकाला पाठ करावा लागतो. आपण भूगोलात ‘अग्निजन्य खडक’ शिकलेलो असतो, पायाखाली सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट असतो, आणि लॅटिन ‘इग्निस’ म्हणजे अग्नीच. ‘ॲटेन्युएटेड’ लस म्हणजे रोगजंतूचा जोर पातळ, क्षीण केलेली लस. त्यातला ‘टेन्यु’ म्हणजे आपला ‘तनु’. ‘इमॉर्टल’मधला ‘मॉर्ट’ आणि ‘अमर’मधला ‘मर’, ‘इनोव्हेशन’मधला ‘नोव्ह’ आणि आपला ‘नवा’, ‘नेव्हिगेशन’मधला ‘नेव्ह’ आणि आपली ‘नाव’. अशी घराणी या पुस्तकात एकेका प्रकरणात बसवली आहेत.

आता परिभाषेविषयी दोन शब्द. १९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालय निघालं आणि पुढच्या काळात विषयवार परिभाषा कोश तयार झाले. त्या शब्दांना अवघड, बोजड म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द घ्या. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन्’ म्हणजे एकत्र, ‘थेसिस’ म्हणजे ठेवणं, मांडणं. मराठी शब्द करणाऱ्याने इंग्रजी शब्दाचा एकेक सांधा सोडवून पुन्हा मराठीत जोडला आहे. ‘एकदल’ आणि ‘द्विदल’ पाठ असलेल्या मुलीला ‘मोनोकॉट’ आणि ‘डायकॉट’ एका बैठकीत येतात. म्हणजे ज्या मराठी शब्दांना आपण जड म्हणून टाकून दिलं, त्यांच्याच आधाराने इंग्रजी शब्द उलगडतो. शाळेची मराठी पुस्तकं अकरावीला रद्दीत घालू नका, असं मी दर वर्षी मुलांना सांगते. जीवशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकाशेजारी दहावीचं मराठी पुस्तक उघडं ठेवायचं.

मात्र परिभाषा कोशात नसलेलं, कुणी न घडवलेलं एक धन वावरात आहे. लावणीच्या उसाची तोडणी झाल्यावर त्याच बुडख्यांतून येतो तो खोडवा, खोडव्यानंतरचा निडवा. इंग्रजीत खोडव्याला ‘रॅटून’ म्हणतात; तो स्पॅनिशमधल्या ‘कोंब’ या अर्थाच्या शब्दावरून आला. आडसाली उसाला मात्र इंग्रजी शब्दच मिळाला नाही, म्हणून ऊसशास्त्राच्या इंग्रजी लेखांत ‘आडसाली’ हा शब्द रोमन अक्षरांत तसाच लिहितात. ‘वाफसा’ला काय म्हणाल? पाऊस पडून गेला, पाणी मुरलं, आता माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टाकला तर फुटतो, औताला चिकटत नाही, मुळांना हवाही मिळते आणि ओलही. ‘फील्ड कपॅसिटी’ ही संज्ञा याच्या जवळ जाते, पण ती जमीन किती पाणी धरून ठेवते याची मोजणी आहे. वाफशात काम करायची वेळही सांगितलेली असते. पोयटा, मुरूम, चोपण, क्षारपड, भुसभुशीत या प्रत्येकाला इंग्रजीत जोडीदार आहे, कुठे तंतोतंत, कुठे ओढूनताणून. आणि कुठे ओढाताण होते हे मी त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे. ‘सलाइन’ आणि ‘सोडिक’ या दोन शब्दांत मुलं हमखास घोटाळतात. ज्याच्या घरी क्षारपड आणि चोपण ही दोन वेगळी दुखणी म्हणून बोलली जातात, त्याने तरी घोटाळू नये.

विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्यांची आठवण इथे काढणं औपचारिक नाही. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, थॉमस पेन त्यांनी मुळातून वाचला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली तेव्हा त्या मराठी पुस्तकाला त्यांनी इंग्रजीतही प्रस्तावना लिहिली. आणि दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या तोंडची भाषा त्यांनी कागदावर आणली. सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितांतून धरला. त्यांना इंग्रजी हवी होती ती बंद दारं उघडायला. घरातली बोली टाकून देण्याची अट त्यांनी कधी घातली नाही. इंग्रजी सुधारायची तर घरात मराठी बोलू नका, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. तो देणाऱ्यांनी या दोघांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

धातूंच्या मागे लागण्यात एक धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. सारखे दिसणारे सगळे शब्द नात्यातले नसतात. ‘ह्युमस’ म्हणजे कुजून काळा झालेला सेंद्रिय भाग, आणि ‘ह्युमिड’ म्हणजे दमट. दोघे सख्खे वाटतात; पण ‘ह्युमिड’च्या मूळ लॅटिन शब्दात तो ‘ह’ नव्हताच, ‘ह्युमस’शी गल्लत होऊन तो मागाहून चिकटला. ‘ह्युमस’चं खरं नातं ‘हम्बल’शी आहे: जमिनीलगतचा, म्हणून नम्र. तेव्हा नातं जुळवण्याआधी कोश उघडायचा. धातू अर्थाच्या दारापर्यंत नेतो. आत शिरायला वाक्य लागतं.

आणि वाक्यात शब्द एकटा येत नाही. मराठीत ऊन कडक, थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, अंधार मिट्ट. ‘मुसळधार थंडी’ कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे कुणाला सांगताही येत नाही. इंग्रजीतही हेच. पाऊस ‘हेवी’, दुष्काळ ‘सिव्हिअर’, वारा ‘स्ट्राँग’. आपली मुलं ‘स्ट्राँग रेन’ लिहितात, कारण ‘जोराचा’ हा एकच शब्द डोक्यात असतो. आपण परीक्षा ‘देतो’ म्हणून ‘गिव्ह’ लिहिलं जातं, तिथे इंग्रजी ‘टेक’ म्हणते. आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ लागतो, तो नको असतो. वर्गात हात वर करून ‘सर, एक डाउट आहे’ म्हणणाऱ्या मुलाला शंका विचारायची असते. बाहेरच्या देशातल्या प्राध्यापकाला मात्र वाटू शकतं की याचा माझ्या सांगण्यावर विश्वास नाही. या चुका अडाणीपणाच्या नाहीत. मराठीचे सांधे इंग्रजीत उमटतात, इतकंच. म्हणून प्रत्येक शब्दाखाली त्याचे सोबती दिले आहेत. अर्थ कळायला इंग्रजी-मराठी कोश आणि सोबती कळायला इंग्रजी-इंग्रजी कोश, असे दोन्ही टेबलावर हवेत. शाळेत वापरलेली वीरकरांची डिक्शनरी टाकून द्यायची गरज नाही.

किती शब्द शिकायचे, हा प्रश्न मुलं पहिल्या दिवशी विचारतात. त्याचं उत्तर शोधणाऱ्यांत मायकेल वेस्ट हे नाव मोठं. ते ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते, आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी ठरावीक शब्दांत बसवलेली वाचनमाला केली. त्याच कामाच्या ओघात पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. म्हणजे जगभर वापरल्या गेलेल्या या विचाराची पहिली माती बंगालची. २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. पॉल नेशन यांच्या मोजणीप्रमाणे कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजी पुस्तकं वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. आकडा मोठा आहे, पण लक्षात घ्या, तो कुळांचा आहे. कूळ ओळखता आलं की त्यातली पोरंबाळं वेगळी मोजावी लागत नाहीत. या पुस्तकात मी कॉक्सहेड यांची ५७० आणि शेतीच्या अभ्यासात लागणारी कुळं डोळ्यांपुढे ठेवली आहेत.

पाठांतराची रीत मी कालव्याकडून घेतली. काळ्या जमिनीला एकदाच भरमसाट पाणी दिलं तर पीक पिवळं पडतं आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर जमीन क्षारपड होते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनशे शब्द वाचणं हे तसलंच पाणी. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने निसटतं, मग घसरण मंदावते. म्हणून शब्द आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी, महिन्याने, असा पाळीने भेटला पाहिजे. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली: आलेला शब्द पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात, अडलेला पुन्हा पहिल्या कप्प्यात. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे पडदे लावले की पेटी होते. दिवसाला दहा शब्द पुरेत. चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे मराठी शब्द, धातू, आणि स्वतः रचलेलं एक वाक्य, शक्यतो आपल्या घरातलं, आपल्या वावरातलं. छापील वाक्य लक्षात राहत नाही. ‘दादाने खोडव्याला पाचटाचं आच्छादन केलं’ हे वाक्य इंग्रजीत करून लिहिलेली मुलगी ‘रॅटून’ आणि ‘मल्च’ दोन्ही विसरत नाही.

उच्चाराबद्दल फार लिहीत नाही. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफर’, ‘फोटोग्राफिक’ या तिन्हींत जोर वेगवेगळ्या जागी पडतो आणि मराठीत असा फिरता आघात नसल्यामुळे आपल्याला तो ऐकूच येत नाही. जिथे जोर द्यायचा ते अक्षर ठळक छापलं आहे. बाकी कानाने शिकावं.

मी या सगळ्याकडे वळले ते पदवीच्या चौथ्या वर्षी. त्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं. मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. तीन वर्षं मराठी शब्दांवरून इंग्रजी शब्दांकडे धडपडत आलेलो आम्ही, आणि आता अचानक उलट प्रवास. माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक होतं. बांधावर पंधरा-वीस शेतकरी बसले होते आणि माझ्या तोंडून एकामागून एक इंग्रजी संज्ञा पडत होत्या. तेव्हा कडेला बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, “पोरी, माझ्या वावराची माती कोणती, ते एका शब्दात सांग.” मी म्हणाले, “बाबा, हिला व्हर्टिसॉल म्हणतात.” मग अर्थ सांगावा म्हणून मी थांबले आणि पहिल्यांदाच तो शब्द मनात फोडून बघितला. परवाच ग्रंथालयातल्या कोशात वाचलं होतं: ‘व्हर्ट’ म्हणजे फिरणं, उलटणं, ‘सॉल’ म्हणजे जमीन. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरचा भुगा भेगांत पडतो, पावसाळ्यात फुगताना खालची माती वर ढकलली जाते. स्वतःच स्वतःला उलटत राहते. “म्हणजे उलटणारी जमीन, बाबा. आवर्तनातलंच ते फिरणं.”

त्यांनी समोरच्या भेगेत हातातली काठी घातली. ती अर्ध्याहून जास्त आत गेली.

“गेल्या साली माझा विळा पडला हितं,” ते म्हणाले. “औंदा नांगरटीला वर आला. नाव बराबर ठेवलंय.”

राहुरी